मावशींचा उसना उजवा हात

आमच्या शेजारच्या घरातल्या बाईंना सगळा जिना टकटक मावशी म्हणतो. त्या लेस विणतात. सुईने नाही आणि दोन सुयांनीही नाही. मांडीवर लोडासारखी गच्च भरलेली उशी घ्यायची, तिच्यावर भोकाभोकांनी टोचलेला नक्षीचा पुठ्ठा बसवायचा, आणि दोऱ्याच्या टोकांना लाकडी कांड्या बांधून त्या एकमेकींवरून अशा फिरवायच्या की मध्ये टाचण्यांच्या आधाराने जाळी उभी राहते. कांडीवर कांडी आपटली की टक. मावशींचा हात चालू असला की हा आवाज भिंतीपलीकडून माझ्या स्वयंपाकघरात येतो, आणि इतक्या वर्षांत तो मला कुकरच्या शिट्टीपेक्षा ओळखीचा झाला आहे.

तो आवाज थांबला तेव्हा मी ओट्याशी भाजी निवडत होते. आधी धप्पकन काहीतरी पडलं, मग कोणीतरी किंचाळलं. मी हात पुसत धावले. दार त्यांच्या सुनेने उघडलं, एका हातात फरशी पुसायचं फडकं तसंच. मावशी कपाटाजवळ जमिनीवर बसल्या होत्या, उजवा हात डाव्या हातात धरून, जणू तो दुसऱ्याच कोणाचा आहे आणि आपल्याला सांभाळायला दिलाय.

"माझंच चुकलं," सून रडत म्हणत होती. "आत्ता पुसलं होतं. ओलं आहे म्हणून ओरडून सांगायला हवं होतं मी."

मुलगा अंघोळीतून अर्धवट ओल्या डोक्याने बाहेर आला. "ओल्यावरून घसरलीस का गं आई?"

मावशी म्हणाल्या, "हं."

एवढंच. पुढचे सगळे दिवस त्या एका 'हं'ने खाल्ले.

मावशी ओल्यावरून घसरल्या नव्हत्या. कपाटावर कांड्यांचा डबा होता. तो काढायला त्या स्टुलावर चढल्या आणि उतरताना पाय चुकला. स्टूल कपाटाशेजारी नेहमीच असायचं, म्हणून ते बघून कोणाला शंका आली नाही. घर दोन खोल्यांचं, त्यात सामान चार खोल्यांचं, त्यामुळे जास्तीच्या कांड्या कपाटावर राहायच्या. त्या कोणी काढायच्या यावरून घरात कायम तंटा. आधीही एकदा त्या स्टुलावर डुगडुगताना सापडल्या होत्या. त्या दिवशी सकाळीच मुलाने बजावलं होतं, "आई, पुन्हा स्टुलावर दिसलीस तर ती उशी मी कोणालातरी देऊन टाकीन. मस्करी नाही करत." आणि मावशींनी सुनेला कबूल केलं होतं की डबा हवा झाला तर तुला हाक मारीन. पण सून फरशी पुसत होती, आणि विणता विणता कांडीवरचा दोरा संपला की मावशींना धीर कसला तो धरवत नाही.

हे मला मावशींनीच सांगितलं, हात प्लास्टरमध्ये जाऊन बरेच दिवस झाल्यावर. मी त्यांची वेणी घालायला गेले होते. सून दूध आणायला खाली उतरली होती. मी केसांचे पेड घालत होते आणि त्या समोर भिंतीकडे बघत बोलत होत्या. तोंड दिसत नसलं की माणसाला बोलायला सोपं जातं.

"खोटं नाही बोलले गं मी," त्या म्हणाल्या. "फक्त त्याने विचारलं आणि मी हं म्हटलं. हात असा ठणकत होता की त्याने काहीही विचारलं असतं तरी मी हं म्हटलं असतं."

"मग दवाखान्यातून आल्यावर सांगायचं."

"तेव्हा उशीची धास्ती. तो खरंच देऊन टाकेल. बापासारखा आहे, बोलला की करतो." मग म्हणाल्या, "आणि आता तर फार उशीर झाला. आता सांगायचं म्हणजे दोनदा पडण्यासारखं आहे."

खरी अडचण पुढेच होती. सुनेला नोकरी लागली होती. कवळ्या तयार करणाऱ्या एका लॅबमध्ये. दातांचे साचे घ्यायचे, मेणात दात बसवायचे, घासून पुसून चकचकीत करायचे, असं ते काम. लग्नाआधी ती ते रीतसर शिकली होती, मग मध्ये सगळंच राहून गेलं. आता कुठे पुन्हा जागा मिळाली होती आणि सासूच्या हातामुळे तिने ती पुढे ढकलली होती. लॅबच्या मालकांना घरात सगळे कवळीवाले म्हणत. ते बिचारे थांबले होते. पण कवळीवाले थांबले तरी दात नसलेली गिऱ्हाइकं किती थांबणार?

"मी पाडलंय त्यांना, मीच उभं करणार," असं ती मला जिन्यात म्हणाली होती. अगदी साधेपणाने. मी तेव्हा तिची पाठ थोपटली. मला काय ठाऊक!

आणि या सगळ्यात लेस थांबली नव्हती, हे ऐकून कोणालाही हसू येईल. मावशींकडे एका बाहेरच्या शिवणकामवालीचं काम होतं. ती गायिकांचे, नाटकवाल्यांचे कपडे शिवते. एका गायिकेच्या कार्यक्रमासाठी झग्याच्या दोन बाह्यांना मनगटापाशी रुंद लेस हवी होती. पहिल्या बाहीची लेस हात मोडायच्या आधीच झाली होती. दुसरीची अर्धवट उशीवर होती. जोडीतली एक वस्तू झाली की दुसरी करावीच लागते, तिथे पळवाट नसते.

लेस एका हाताने होत नाही. एका वेळी दोन जोड्या हातात असतात, डाव्या हातात एक, उजव्यात एक. मधल्या दोन कांड्या एकमेकींवरून ओलांडायच्या, मग दोन्ही जोड्यांना पीळ द्यायचा, टाचणी खोचायची आणि दोन्ही बाजूंनी सारखं ओढायचं. ओलांड, पीळ, टाचणी, ओढ. मावशींची बोटं प्लास्टरच्या बाहेर होती आणि डॉक्टरांनी ती हलवत राहायला सांगितली होती, पण कांडी धरून ओढायचा जोर त्यांच्यात नव्हता. पहिल्यांदा त्यांनी चोरून प्रयत्न केला तेव्हा कांडी हातातून सुटली आणि त्यांचा श्वास अडकला. ते सुनेने पाहिलं.

"सरका," ती म्हणाली, आणि त्यांच्या उजव्या बाजूला येऊन बसली. "तुमचा डावा, माझा उजवा. सांगा काय करायचं."

तेव्हापासून दुपारी दोघी एका उशीला लागायच्या. मी जायचे तेव्हा दोन बायका खांद्याला खांदा लावून बसलेल्या दिसायच्या. एकीचा हात झोळीत, दुसरीचा डावा हात पाठीमागे दुमडलेला, कारण तो मध्ये मध्ये करायचा. मावशी पुटपुटायच्या, "ओलांड... पीळ... अगं उलटा नको, तुझ्याकडे नाही, माझ्याकडे... हां. टाचणी."

"आई, तुम्ही शिक्षिका असतात तर शाळा ओस पडली असती."

"आणि तू विद्यार्थिनी असतीस तर मी आधीच पळाले असते. ओढ."

मुलगा कामावरून आला की दारातच थबकायचा. "अजून एकच बाई बसलीय वाटतं," म्हणायचा. "दोघींत मिळून हात दोनच." सून हसायची. मावशीही हसायच्या, पण त्यांचं हसू अर्ध्यातच विझायचं, ते मी पाहत होते.

कारण हाच मुलगा बायकोला टोमणेही मारायचा. वाईट स्वभावाचा नव्हता. आईचा हात बघून त्याचा जीव कासावीस व्हायचा आणि तो राग बायकोवर निघायचा. चहा सांडला की "पूस हं, नीट कोरडं कर, नाहीतर तुला सवय आहे." फरशी चमकत असली की "आज कोणाचा नंबर?" सून मान खाली घालून ऐकून घ्यायची. मावशी तिथेच बसलेल्या असायच्या, तोंडात गुळणी धरून.

"मग बोलत का नाही तुम्ही?" मी एकदा चिडून विचारलं.

"ही बाही होऊ दे," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "ती नसली तर बाही होणार नाही गं. हे कळतंय मला. मी माझ्या फायद्यासाठी गप्प बसलेय, हेही कळतंय. तू सांगायला नकोस."

स्वतःला इतकं स्वच्छ बघणाऱ्या माणसाला आपण आरसा दाखवायला जाणं म्हणजे मूर्खपणा. मी घरी आले. भिंतीपलीकडून टकटक येत होती, पण पूर्वीसारखी एकसारखी नाही. एक ठोका ठाम, एक चाचरत. एक ठाम, एक चाचरत.

लेसचं एक वैशिष्ट्य आहे, ते मला मावशींकडूनच कळलं. जोवर ती टाचण्यांनी उशीवर धरलेली असते तोवर सगळी सारखीच दिसते. दोरा घट्ट ओढलाय की सैल, हे टाचणी लपवते. मागच्या टाचण्या काढल्या, लेस मोकळी झाली, की मग ती आपलं खरं रूप दाखवते. म्हणून मावशी थोडं विणून झालं की मागच्या ओळींच्या टाचण्या काढून बघतात. या वेळी मात्र त्यांनी ते लांबवलं होतं. का लांबवलं असं मी विचारलं नाही.

एका दुपारी टाचण्या पुढच्या ओळींना पुरेनात म्हणून मागच्या काढाव्याच लागल्या. मी तिथेच बसले होते, शिवून आलेल्या माझ्या ब्लाउजची गुंडी लावत. सुनेने एकेक टाचणी उपसली आणि मोकळी झालेली लेस उचलून धरली. डावी कड सरळ होती, पट्टीने आखल्यासारखी. उजवी कड झालरीसारखी लहरत होती. मावशींनी पहिली बाही शेजारी ठेवली. शेंबडं पोरही सांगेल की या दोन बाह्या एकमेकींच्या नाहीत.

"असं कसं झालं?" सून म्हणाली. "मी तर तुम्ही सांगाल तसंच केलं. एकही पीळ चुकला नाही."

"पीळ नाही चुकला," मावशी म्हणाल्या. "ओढ सैल आहे. तू ओढताना घाबरतेस."

"घाबरणारच ना आई! मी जोरात ओढलं की उशी हलते, उशी हलली की तुमचा हात हलतो. तुमचं तोंड दिसतं मला कसं होतं ते. एकदा पाडलंय तुम्हाला, आता पुन्हा काही झालं तर मी तोंड कुठे लपवू?"

मावशी लेसकडे बघत राहिल्या. मला वाटतं त्या लहरणाऱ्या कडेत त्यांना सगळं एकदम दिसलं असावं. पोरीची ती सैल ओढ त्यांनीच तिच्या हातात घातली होती, आणि आता ती दोऱ्यात उतरून समोर पडली होती.

सुनेचा आवाज खाली आला. "जाऊ दे, आपण हे पुन्हा करू. घाई नाही. मी उद्या कवळीवाल्यांना फोन करून सांगते, की मला नाही जमणार. त्यांनाही किती टांगून ठेवायचं? मला हे आता इथलंच बघायला हवं."

"नको करू फोन," मावशी म्हणाल्या.

"अहो पण—"

"मी घसरले नव्हते."

मी गुंडी हातातच धरून बसले. उठून जावं की बसावं हे कळेना. गेले असते तर दार उघडावं लागलं असतं.

"डबा काढायला चढले होते. स्टुलावर. तू पुसलेल्या जागेवर माझा पाय पडलाच नाही. ती तिकडे होती, मी इकडे होते. तुझा काही संबंध नव्हता. मला सांगायचं होतं, पण..." त्या थांबल्या. "पण नाही सांगितलं."

सून आधी हसली. खरंच हसली, छोटंसं, विश्वास न बसल्यावर येतं तसं. मग तिने हातातली लेस खाली ठेवली. तेसुद्धा हळूच, दोरे गुंतणार नाहीत अशी. खालून कुणाची तरी सायकल जिन्याला टेकवल्याचा आवाज आला.

"मला डब्याचं काही नाही," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही चढलात, पडलात, होतं माणसाचं. पण तुमचा मुलगा मला काय काय बोलला. रोज. तुमच्यासमोर. तुम्ही तिथे बसला होतात ना? माझी वेणी घाल, माझं पाणी दे, एवढं बोलता येत होतं ना तुम्हाला?"

"येत होतं."

"मग?"

मावशींकडे उत्तर होतं. उशीची भीती, बाहीची घाई. मला ते माहीत होतं, आणि त्यांनी ते दिलं नाही, याबद्दल मला त्यांचा मान वाटला. त्या एवढंच म्हणाल्या, "माझं चुकलं."

"ते मीही म्हटलं होतं," सून म्हणाली, "त्या दिवशी. तेव्हा तुम्ही ऐकून घेतलंत." ती उठली, हात पुसायचं फडकं घडी करून ठेवलं आणि म्हणाली, "यांना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

त्यांनी सांगितलं, मुलगा जेवायला बसला तेव्हाच. मी तिथे नव्हते, पण आमची भिंत पातळ आहे आणि मी काही संत नाही. मुलाचा आवाज चढला, मग एकदम उतरला. मावशी म्हणाल्या, "ती उशी देऊन टाक कोणाला. तू म्हणाला होतास."

"उशीचं मला काय विचारतेस?" मुलगा म्हणाला. आवाज रडवेला होता. "मी हिला काय काय बोललोय, ते कुठे देऊन टाकू?"

"उशीला मध्ये आणू नका," सुनेचा आवाज आला. "तिने काही केलं नाही."

शिवणकामवालीकडे मी मावशींना घेऊन गेले. त्यांनीच हट्ट धरला, फोनवर नको म्हणाल्या. दुकानात कापडाच्या चिंध्यांतून वाट काढत आम्ही आत गेलो. मावशींनी चांगली बाही कापायच्या टेबलावर ठेवली, आणि मी उचलून आणलेली उशी शेजारी, वाईट बाही तिच्यावर तशीच. "ही दुसरी होणार नाही वेळेत," म्हणाल्या. "मी आधीच सांगायला हवं होतं. कोणाच्या तरी हाताच्या भरवशावर तुम्हाला थांबवून ठेवलं."

शिवणकामवाली फार दुखावली. गोड बोलणारी बाई, पण तिचाही धंदा आहे. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही एक शब्द टाकला असता तर मी दुसरीकडे विचारलं असतं. आता मी त्या गायिकेला काय सांगू, एकच हात पुढे करून गा?" मला हसू फुटलं, ते मी खोकल्यात घातलं. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी चांगली बाही तशीच टेबलावर ठेवली, "कशाला तरी लावा," म्हणाल्या, आणि आम्ही परत आलो. जिना चढताना त्या मध्येच थांबल्या. वाटलं दम लागला. पण त्या म्हणाल्या, "पुढचं काम ती आता मला देणार नाही. बरोबरच आहे तिचं."

सून लॅबमध्ये रुजू झाली. घरात अबोला नव्हता. अबोल्यापेक्षा अवघड असतं ते होतं, कामापुरतं बोलणं. "औषध टेबलावर आहे." "दार लावून घ्या." पूर्वी ती सासूचे केस विंचरायची, अंगावर शाल टाकायची, आता ते बंद झालं. मावशी डाव्या हाताने भांग पाडायच्या, तो नदीसारखा वाकडा जायचा. मी नीट करायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे. माझं मी करते." त्यात रुसवा नव्हता. उलट मला वाटलं, कोणी त्यांची सेवा करत नाही याने त्यांना जरा बरंच वाटत होतं.

प्लास्टर निघालं तेव्हा आतून निघालेला हात बारीक आणि पांढरा, उसाच्या सोललेल्या कांड्यासारखा. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, हाताला काय काम असतं तुमच्या? मावशींनी सांगितलं. बाई म्हणाल्या, "मग तेच करा, पण थोडं थोडं. दुखलं की थांबायचं." मावशी घरी येऊन उशीशी बसल्या आणि लहरलेली लेस उलटी सोडवायला लागल्या. ती कापता येत नाही, कापली की सगळे दोरे आखूड होतात. ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने मागे यावं लागतं, शेवटची ओलांड आधी मोकळी करायची, मग त्याआधीचा पीळ. टक. बराच वेळ शांतता. पुन्हा टक. ही बाही आता कोणालाच नको होती. तरी त्या सोडवत होत्या.

सुनेच्या नोकरीला महिना होत आला असेल. संध्याकाळी मी वाटीभर साखर मागायला गेले होते. ती नुकतीच येऊन पाय चोळत बसली होती. मावशींनी भाजी चिरून ठेवली होती, तुकडे एक मोठा एक मुंगीएवढा, पण चिरली होती. त्या उशीवरून मान वर न करता म्हणाल्या, "दमलीस?"

"हो." मग काहीतरी आठवून सुनेच्या तोंडाचा कोपरा हलला. तिने आवरायचा प्रयत्न केला, आवरेना. "आज एक आजोबा आले होते. कवळी बसत नाही म्हणून भांडायला. बाकावर बसून अर्धा तास भांडले. कवळीवाल्यांनी तोंड उघडायला लावलं, तर कवळी आजींची. सकाळी आरशाजवळून उचलून आणलेली. आणि तेवढ्यात आजी आल्या धापा टाकत, बिनदाताच्या, आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या—" तिने ओठ आत ओढून आजींसारखा आवाज काढला, "'काढा ती, माधं जेवन लाहिलंय!'"

मी खो खो हसले. मावशीही हसल्या, पोटातून, आणि मग एकदम डावा हात तोंडावर नेऊन थांबल्या. हसायचा आपल्याला अधिकार नाही असं आठवल्यासारख्या. डोळे खाली, कांड्यांकडे.

सुनेने ते पाहिलं.

"हसा आई," ती म्हणाली. "मी अजून रागावलेलीच आहे. पण हसा."